रोगकारक बॅक्टेरियाच्या जीनोममध्ये लोह साठवणारे जीन कसे शोधायचे आणि नेमके कसे ओळखायचे

एखाद्या रोगकारक बॅक्टेरियाचा जीनोम हातात आला की बरेच जण सर्च बॉक्समध्ये फेरिटिन टाइप करतात, जे नाव समोर येतं ते उचलतात आणि पुढच्या कामाला लागतात. लोह साठवणाऱ्या प्रोटीनच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही, कारण या घराण्यात जीनचं नाव आणि प्रोटीनचं खरं काम यांचा मेळ ठिकठिकाणी चुकलेला आहे. क्षयरोगाच्या जिवाणूतल्या ज्या जीनला बीएफआरबी म्हणतात त्याच्यावरून बॅक्टेरिओफेरिटिन वाटतं, पण ते प्रोटीन आहे साधं फेरिटिन, त्यात हीम (मध्यभागी लोह असलेला एक छोटा रेणू) नाही. स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये ज्याला कित्येक वर्षं बीएफआरए म्हटलं जायचं ते प्रत्यक्षात एफटीएनए निघालं. आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीतल्या एनएपीए या नावात तर लोहाचा पत्ताच नाही, तरी ते लोह साठवणाऱ्या कुटुंबातलंच आहे. म्हणून या लेखात मी नावावर विसंबून न राहता, पुरावा गोळा करत जीन कसा ओळखायचा ते पायरी पायरीने सांगतोय. बेसिक ब्लास्ट (दिलेल्या सीक्वेन्सशी जुळणारे सीक्वेन्स शोधणारा प्रोग्राम) करता येत असेल तर पुढचं सगळं जमेल.

आधी काय शोधायचंय ते पक्कं करा

लोहाशिवाय जवळपास कुठल्याच रोगकारक जिवाणूचं चालत नाही, पण पेशीत मोकळं फिरणारं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो (हीच ती फेंटन अभिक्रिया) आणि तो डीएनए, प्रोटीन, मेंब्रेन काहीच सोडत नाही. त्यात आपलं शरीर संसर्गाच्या वेळी ट्रान्सफेरिन, लॅक्टोफेरिन वापरून लोह लपवून ठेवतं आणि वर पांढऱ्या पेशी पेरॉक्साइडचा मारा करतात, म्हणजे जिवाणूला एकाच वेळी लोह मिळवायचंही असतं आणि मिळालेलं सुरक्षित ठेवायचंही असतं. हे ठेवण्याचं काम प्रामुख्याने तीन प्रकारची प्रोटीन्स करतात.

पहिलं फेरिटिन, जीनचं नाव बहुतेक वेळा एफटीएनए किंवा एफटीएन. २४ सबयुनिट (प्रोटीनच्या सुट्या साखळ्या) एकत्र येऊन साधारण १२ नॅनोमीटर व्यासाचा पोकळ गोळा बनतो, आतली पोकळी सुमारे ८ नॅनोमीटर, आणि तिच्यात फेरिक लोहाचे हजारो अणू खनिज रूपात बसतात. दुसरं बॅक्टेरिओफेरिटिन म्हणजे बीएफआर, तोच २४ सबयुनिटचा गोळा, पण दोन-दोन सबयुनिटच्या जोडीमध्ये एक हीम, म्हणजे पूर्ण गोळ्यात १२ हीम. तिसरं डीपीएस, यात सबयुनिट फक्त १२, गोळा साधारण ९ नॅनोमीटरचा आणि मावणारं लोह सुमारे ५०० अणू. डीपीएसचा मुख्य रोख साठ्यापेक्षा संरक्षणावर असतो. फेरिटिन ऑक्सिजन वापरून लोहाचं ऑक्सिडेशन करतं तर डीपीएसला हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त आवडतं, म्हणजे फेंटन अभिक्रियेचे दोन्ही घटक ते एकाच फटक्यात संपवतं. ई. कोलायमधलं डीपीएस शिवाय डीएनएला चिकटून त्याला झाकतं, पण हा गुण सगळ्या डीपीएसमध्ये नसतो, लिस्टेरिया इनोक्युआचं डीपीएस डीएनएला बांधत नाही, तेव्हा डीपीएस दिसलं म्हणून लगेच डीएनए बांधणारं असं लिहून टाकू नका.

जीनोम निवडताना

पूर्ण, बंद झालेला जीनोम मिळत असेल तर तोच घ्या. ड्राफ्ट असेंब्लीत जीन कॉन्टिगच्या (जोडून तयार झालेल्या सलग तुकड्याच्या) टोकाला अर्धा कापला जातो आणि मग जीन नाहीच असा चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि शेजारचे जीन बघायची जी पायरी पुढे येते ती तर तुकड्यातुकड्यांच्या असेंब्लीवर नीट करताच येत नाही. क्षयरोगासाठी एच३७आरव्ही (जीनोम १९९८ मध्ये प्रसिद्ध, सुमारे ४४ लाख बेस), हेलिकोबॅक्टरसाठी २६६९५ (१९९७), स्युडोमोनाससाठी पीएओ१ (२०००) हे रेफरन्स स्ट्रेन आहेत आणि जुना प्रयोगांचा डेटा बहुतेक त्यांच्याच लोकस टॅगवर (प्रत्येक जीनच्या ओळख क्रमांकावर) बसलेला असतो. तुमचा स्वतःचा क्लिनिकल आयसोलेट असला तरी शेजारी रेफरन्स ठेवाच. डाउनलोड करताना प्रोटीन फास्टा, न्यूक्लिओटाइड फास्टा (यात नुसते सीक्वेन्स असतात) आणि जीएफएफ (कुठला जीन कुठे आहे त्याची यादी) अशा तिन्ही फाइल घ्या, कारण पुढे तिन्ही लागतात आणि मधेच वेगळ्या व्हर्जनची फाइल उतरवली की लोकस टॅग जुळत नाहीत. ॲक्सेशन नंबर व्हर्जनसकट लिहून ठेवा.

क्वेरी एक नको, निदान पाच घ्या

फेरिटिन, बीएफआर आणि डीपीएस यांची घडी सारखी आहे पण सीक्वेन्स एकमेकांपासून बराच लांब गेलेला आहे, त्यामुळे एका क्वेरीने (ज्या ज्ञात सीक्वेन्सने शोध घ्यायचा तो) तिघंही सापडतील या आशेवर राहू नका. युनिप्रोट या प्रोटीन डेटाबेसमधून प्रयोगाने सिद्ध झालेली प्रोटीन घ्या. ई. कोलायचं एफटीएनए (पी०ए९९८, १६५ अमिनो आम्लं), बीएफआर (पी०एबीडी३, १५८) आणि डीपीएस (पी०एबीटी२, १६७) हे तीन तर हवेतच, त्यात क्षयरोगाचं बीएफआरबी (लोकस टॅग आरव्ही३८४१) आणि लिस्टेरिया इनोक्युआचं डीपीएस घाला म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह आणि ॲक्टिनोबॅक्टेरियाची बाजूही धरली जाते. हेलिकोबॅक्टर किंवा कॅम्पिलोबॅक्टरवर काम असेल तर हेलिकोबॅक्टरचं पीएफआर (एचपी०६५३) आणि एनएपीए (एचपी०२४३) पण घ्या.

शोध, आधी ब्लास्ट मग एचएमएम

ब्लास्टपी (प्रोटीनने प्रोटीन शोधणारा ब्लास्ट) चालवताना ई-व्हॅल्यू (हिट निव्वळ योगायोगाने मिळण्याचा अंदाज, जितका कमी तितका चांगला) सुरुवातीला सैल ठेवा, ०.०१ पर्यंत चालेल, कारण ही प्रोटीन जेमतेम दीडशे ते एकशे ऐंशी अमिनो आम्लांची असतात आणि लहान प्रोटीनला स्कोअर मुळातच कमी मिळतो, त्यात आयडेंटिटी २५ टक्क्यांच्या आसपास असली तर खरा हिट कडक कटऑफने सहज गळतो. पण कव्हरेजवर मात्र ताण द्या, क्वेरीचा निदान ७० टक्के भाग जुळलेला हवा. हे प्रोटीन म्हणजे चार हेलिक्सची एक मोळी आहे आणि त्यातला एखादाच हेलिक्स जुळणं याला काही अर्थ नाही, अल्फा हेलिक्स कुठल्याही हेलिक्सशी थोडाफार जुळतोच.

मग एचएमएमर (पूर्ण कुटुंबाच्या सीक्वेन्सवरून बनवलेल्या मॉडेलने, म्हणजे एचएमएमने, शोधणारा प्रोग्राम) घेऊन पीफॅम या प्रोटीन कुटुंबांच्या डेटाबेसमधलं पीएफ००२१० हे मॉडेल पूर्ण प्रोटिओमवर (जीनोममधल्या सगळ्या प्रोटीनवर) चालवा, गॅदरिंग कटऑफ (पीफॅमने ठरवलेली स्कोअरची मर्यादा) लावून. हे एकच मॉडेल फेरिटिन, बीएफआर, डीपीएस तिघांनाही पकडतं, म्हणून शोधायला उत्तम आणि वर्गीकरण करायला निरुपयोगी, हा फरक लक्षात असू द्या. ब्लास्टने दिलेली आणि एचएमएमने दिलेली यादी एकत्र करा, एकीत आहे आणि दुसरीत नाही असे जे असतील ते वेगळे काढा, बहुतेक वेळा रस घेण्यासारखी गोष्ट तिथेच असते.

तिसरा शोध बरेच जण गाळतात तो म्हणजे टीब्लास्टएन, प्रोटीन क्वेरी थेट जीनोमच्या डीएनएवर, सहाही रीडिंग फ्रेममध्ये. ॲनोटेशन करणाऱ्या (जीन कुठे आहेत ते खुणावणाऱ्या) प्रोग्रामने लहान जीन सोडला असेल किंवा फ्रेमशिफ्टमुळे (बेस कमी-जास्त होऊन वाचन सरकल्यामुळे) स्यूडोजीन, म्हणजे निकामी जीन, म्हणून बाजूला टाकला असेल तर तो इथेच सापडतो. फ्रेमशिफ्ट दिसला तर तो खरा की सीक्वेन्सिंगची चूक हे रॉ रीड्स उघडून बघा, विशेषतः एकाच बेसची लांब रांग असलेल्या जागी.

भलते पाहुणे बाहेर काढा

फेरिटिनसारखी घडी असलेली पण लोह न साठवणारी बरीच प्रोटीन बॅक्टेरियात असतात. सगळ्यात जास्त गोंधळ रुब्रेरिथ्रिन करतं, त्याचं स्वतःचं मॉडेल पीएफ०२९१५ आहे, तेव्हा दोन्ही मॉडेलचा स्कोअर शेजारी शेजारी ठेवा आणि जो जास्त त्याच्या बाजूने जा. रिबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजचं लहान सबयुनिट, मँगनीज कॅटलेज, ही पण याच सुपरफॅमिलीतली. लांबी बघितली तरी निम्मे सुटतात, तीनशेच्या वर अमिनो आम्लं असलेला हिट आला तर संशय घ्या.

एक वेगळी जात मात्र टाकून देऊ नका, ती म्हणजे एन्कॅप्स्युलिन या प्रोटीनच्या कवचात राहणारं फेरिटिनसारखं प्रोटीन. याला स्वतःचा २४ चा गोळा बनवता येत नाही, लोह एन्कॅप्स्युलिनच्या मोठ्या कवचात साठतं. क्षयरोगाच्या जिवाणूत एन्कॅप्स्युलिन आहे (आरव्ही०७९८सी) आणि त्याच्या आत बीएफआरबीसारखं साधं फेरिटिनही भरलं जाऊ शकतं असं प्रयोगात दिसलंय. म्हणून जीनोममध्ये एन्कॅप्स्युलिन आहे का हे एकदा वेगळं तपासा.

खरं वर्गीकरण, अमिनो आम्लं डोळ्यांनी बघा

आता या कामाचा गाभा. माफ्ट हा प्रोग्राम वापरून तुमचे हिट आणि क्वेरी यांचं अलाइनमेंट करा (सारख्या जागा एकाखाली एक लावा), ते जालव्ह्यू या बघायच्या प्रोग्राममध्ये उघडा, आणि स्कोअर बाजूला ठेवून फेरॉक्सिडेज सेंटर शोधा. लोहाचं ऑक्सिडेशन होतं ती ही जागा, आणि हिचे अवशेष (ठराविक जागांवरची अमिनो आम्लं) शाबूत नसतील तर प्रोटीन फेरिटिनसारखं दिसूनही स्वतः ते काम करणार नाही.

ई. कोलायच्या बीएफआरमध्ये हे सेंटर ग्लुटामेट १८, ग्लुटामेट ५१, हिस्टिडीन ५४, ग्लुटामेट ९४, ग्लुटामेट १२७ आणि हिस्टिडीन १३० यांचं बनलेलं आहे. यातला ५१ ते ५४ हा तुकडा जवळून बघा, क्रम असा आहे: ग्लुटामेट, मेथिओनिन, लायसिन, हिस्टिडीन. मधलं ते मेथिओनिन ५२ हीमला धरतं, एका सबयुनिटचं एक आणि समोरच्या सबयुनिटचं दुसरं, असं दोन्ही बाजूंनी हीमचं लोह दोन मेथिओनिनच्या गंधकांनी बांधलेलं असतं. क्षयरोगाच्या बीएफआरएमध्ये (आरव्ही१८७६) तोच तुकडा ग्लुटामेट, मेथिओनिन, आर्जिनिन, हिस्टिडीन असा येतो, म्हणजे हे नाव बरोबर आहे, हे खरंखुरं बॅक्टेरिओफेरिटिन. आता बीएफआरबीमध्ये बघा, तिथे ग्लुटामेट, आर्जिनिन, ॲस्पराजिन, हिस्टिडीन. मेथिओनिन गेलं, हीम धरायला काही नाही, नाव काहीही असो हे फेरिटिन आहे.

इतकं सोपं असेल तर एका ओळीच्या स्क्रिप्टने काम झालं असतं, पण इथे एक खाच आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. ई. कोलायच्या एफटीएनएमध्ये त्याच जागी क्रम ग्लुटामेट, मेथिओनिन, थ्रिओनिन, हिस्टिडीन असा आहे, म्हणजे मेथिओनिन आहे, आणि तरीही एफटीएनए हीम बांधत नाही! हीम बसायला आजूबाजूचा खिसाही लागतो. तेव्हा नियम असा धरा की मेथिओनिन नसेल तर बीएफआर म्हणू नका, पण मेथिओनिन आहे एवढ्यावर बीएफआर म्हणूनही टाकू नका, पूर्ण सीक्वेन्स कुठल्या गटाच्या जवळ जातो ते बघा. यासाठी सीडीडी या प्रोटीन डोमेनच्या डेटाबेसमधले वेगळे डोमेन उपयोगी पडतात, बीएफआरसाठी सीडी००९०७, हीम नसलेल्या फेरिटिनसाठी सीडी०१०५५, डीपीएससाठी सीडी०१०४३. कॉग हे प्रोटीन गटांचं वर्गीकरण वापरत असाल तर अनुक्रमे कॉग२१९३, कॉग१५२८ आणि कॉग०७८३.

डीपीएसची खूण एकदम निराळी. तिथे फेरॉक्सिडेज सेंटर एका सबयुनिटच्या पोटात नसून दोन सबयुनिट जिथे भिडतात तिथे तयार होतं, लिस्टेरिया इनोक्युआमध्ये एका बाजूने हिस्टिडीन ३१ आणि हिस्टिडीन ४३, दुसऱ्या बाजूने ॲस्पार्टेट ५८ आणि ग्लुटामेट ६२. ई. कोलायमध्ये तेच ५१, ६३, ७८ आणि ८२ वर येतात, वजाबाकी करून बघा, अंतरं तंतोतंत सारखी आहेत. हे अंतर शोधणं फार विश्वासार्ह पडतं. ई. कोलायचं डीपीएस डीएनए बांधतं ते सुरुवातीच्या टोकावरच्या लायसिनमुळे, म्हणून तुमच्या डीपीएसचं ते टोक लांब आहे की आखूड, लायसिन आहेत की नाहीत हे पण नोंदवा, आणि त्याआधी स्टार्ट कोडॉन बरोबर धरलाय ना हे तपासा, ॲनोटेशनमध्ये स्टार्ट चुकला की हेच टोक गायब होतं.

शेजारी कोण राहतं

आता जीएफएफ उघडा आणि जीनच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच जीन बघा. बीएफआर असेल तर शेजारी बीएफडी आहे का हा पहिला प्रश्न. बीएफडी हे छोटंसं फेरेडॉक्सिन आहे, ई. कोलायमध्ये फक्त ६४ अमिनो आम्लांचं, इतकं लहान की जुन्या ॲनोटेशनमध्ये सुटून जाऊ शकतं, म्हणून पीएफ०४३२४ मॉडेलने वेगळं शोधा. याचं काम साठलेलं लोह बाहेर काढायला इलेक्ट्रॉन पुरवणं. स्युडोमोनासमध्ये बीएफआरबी (पीए३५३१) आणि बीएफडी (पीए३५३०) अगदी खेटून आहेत, आणि तिथे बीएफडी बरोबर हीमच्या वरच्या बाजूला येऊन बसतं, इलेक्ट्रॉन हीममधून आत जातो आणि फेरिक लोह फेरस होऊन सुटतं. गंमत म्हणजे दोघं शेजारी असून त्यांची बटणं उलटी आहेत, लोह भरपूर असलं की बीएफआरबी वाढतं आणि लोह कमी पडलं की बीएफडी वाढतं. या दोघांची जोडी जुळू न देणारे लहान रेणू बनवून लोह आतच अडकवून ठेवायचं आणि जिवाणूला उपाशी पाडायचं, या दिशेने स्युडोमोनासविरुद्धच्या औषधांचं संशोधन चालू आहे, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वात आशादायक धागा वाटतो. म्हणून बीएफडीची नोंद वगळू नका.

स्युडोमोनासच्या पीए४२३५ चा किस्साही इथलाच. त्याला बीएफआरए म्हणत होते, नंतर प्रोटीन शुद्ध करून, रचना काढून कळलं की ते फेरिटिन आहे. पुढे असंही दिसलं की स्युडोमोनासच्या पेशीत एफटीएनए आणि बीएफआरबीचे सबयुनिट मिळून मिश्र गोळे बनतात. तेव्हा दोन जीन सापडले तर दोन स्वतंत्र गोळे असंच असेल हे गृहीत धरू नका.

जीन चालू-बंद कोण करतं

जीनच्या वरच्या बाजूचे साधारण ३०० बेस काढून रेग्युलेटरची (जीन चालू-बंद करणाऱ्या प्रोटीनची) जागा शोधा. ग्राम निगेटिव्हमध्ये बहुधा फर, मायकोबॅक्टेरियामध्ये आयडीईआर, स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये एफटीएनए आणि डीपीएस कुटुंबातलं एमआरजीए ही दोन्ही पेरआरच्या ताब्यात. इथे दिशा समजून घेणं महत्त्वाचं आहे. लोह ओढून आणणारे जीन लोह भरपूर असताना बंद होतात, साठवणारे त्याच वेळी चालू व्हायला हवेत, आणि एकच रेग्युलेटर हे दोन्ही कसं करतो याची उत्तरं प्रत्येक जिवाणूत वेगळी आहेत. ई. कोलायमध्ये लोहासकट फर एफटीएनएच्या पुढे बसून एच-एनएस या जीन दाबणाऱ्या प्रोटीनला हटवतो, शिवाय लोह कमी असताना आरवायएचबी नावाचा छोटा आरएनए साठवणीच्या जीनचे संदेश खाली आणतो. हेलिकोबॅक्टरमध्ये तर लोह नसलेला रिकामा फर पीएफआरला दाबून ठेवतो. क्षयरोगात आयडीईआर बीएफआरए आणि बीएफआरबी दोन्ही चालू करतो. त्यामुळे फर बॉक्स (डीएनएवर फर बसण्याची जागा) दिसला म्हणजे दाबला जातो असं लिहायची घाई नको, बॉक्स कुठे आहे ते लिहा आणि एक्स्प्रेशनचा डेटा असेल तर त्याच्याशी ताडून बघा. डीपीएसचं गणित वेगळं, ई. कोलायमध्ये ते वाढीच्या काळात ऑक्सीआर आणि स्थिरावल्यावर सिग्मा एस चालू करतात, म्हणजे लोहापेक्षा ताणाचा इशारा.

झाड आणि रचना

फायलोजेनेटिक ट्री काढा पण त्यावर फार भार टाकू नका, इतक्या लहान प्रोटीनमध्ये खोलवरच्या फांद्यांचा बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची त्याचा आकडा) कमीच येतो. हिट बीएफआरच्या गटात जातो की फेरिटिनच्या एवढं कळलं तरी पुरे. रचनेसाठी अल्फाफोल्डचं (सीक्वेन्सवरून रचनेचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रामचं) मॉडेल उघडा, चार हेलिक्सची मोळी हवीच, शेवटी पाचवा छोटा हेलिक्स दिसला तर २४ च्या घराण्यातलं, तो नसून मधल्या लूपमध्ये छोटा हेलिक्स असेल तर डीपीएस. आधी यादी केलेले फेरॉक्सिडेजचे अवशेष मॉडेलमध्ये खरंच एकमेकांकडे तोंड करून आहेत का हेही बघा, आणि डीपीएससाठी डायमरचं, म्हणजे दोन सबयुनिटच्या जोडीचं, मॉडेल घ्या, एकट्या सबयुनिटमध्ये ते सेंटर दिसणारच नाही.

सापडलं नाही तर

न सापडणं हा पण निकाल असतो. लाइम रोगाचा बोरेलिया बर्गडॉर्फेरी लोहाशिवायच जगतो, त्याच्याकडे डीपीएससारखं प्रोटीन आहे पण ते तांबं आणि मँगनीज बांधतं. कॅटलेज नसलेल्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये डीपीआर हे डीपीएसचं भावंडच पेरॉक्साइडपासून बचाव करतं. आणि जीन तेच असले तरी जबाबदारी बदलते, ई. कोलायमध्ये लोहाचा मोठा साठा एफटीएनए सांभाळतं पण जवळच्या साल्मोनेलामध्ये तो मान बीएफआरचा, म्हणून एका जिवाणूचं काम दुसऱ्यावर चिकटवू नका.

प्रयोगाने खात्री

कॉम्प्युटरवर इथपर्यंतच जाता येतं. पुढे जीन लॅबच्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये क्लोन करून प्रोटीन शुद्ध करा, मूळ रोगकारक वाढवायची या टप्प्यावर गरजच नाही. बीएफआर असेल तर स्पेक्ट्रममध्ये ४१८ नॅनोमीटरच्या आसपास हीमचं शिखर दिसतं, रिड्यूस केल्यावर ५५७ च्या जवळ दुसरं. मात्र जास्त प्रमाणात बनवलेल्या प्रोटीनला हीम अपुरं पडू शकतं, तेव्हा शिखर बुटकं आलं म्हणून लगेच फेरिटिन ठरवू नका. लोह भरल्यावर नेटिव्ह जेल (गोळा न मोडता प्रोटीन वेगळी करणारं जेल) चालवून पोटॅशियम फेरोसायनाइडने रंगवा, गोळा लोह धरत असेल तर निळा पट्टा येतो, आणि तोच जेल प्रोटीनच्या रंगाने रंगवला की पट्टा त्याच जागी यायला हवा. शेवटी म्युटंट (तो जीन काढलेला जिवाणू), आणि तो फक्त लोह कमी असलेल्या माध्यमात तपासून थांबू नका, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये आणि भरपूर लोहातून अचानक लोह नसलेल्या माध्यमात हलवूनही बघा, कारण साठ्याची गरज या बदलाच्या वेळी लागते. क्षयरोगात बीएफआरबी काढलेला जिवाणू अँटिबायोटिकला जास्त बळी पडतो आणि उंदरात टिकून राहू शकत नाही, हेलिकोबॅक्टरमध्ये पीएफआर काढलं तर जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या पोटात तो वस्ती करू शकत नाही. तुमच्या जिवाणूत असा फरक दिसला तर मूळ जीन परत घालून तो भरून निघतो का हे तपासल्याशिवाय डेटाबेसमधलं नाव बदलायला पाठवू नका, आणि पाठवताना जुनं नाव समानार्थी म्हणून सोबत ठेवा, नाहीतर आधीचे सगळे पेपर शोधणाऱ्याच्या हाती लागणार नाहीत.